चढ हलका करणारा माणूस

अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता पातूर मागे टाकतो आणि डोंगरात शिरतो. त्याला घाट म्हटले तर सह्याद्रीतल्या माणसाला हसू येईल. पण सायकलवर बसलेल्याला तो घाटच वाटतो. हा चढ संपवून पुढे आले की आमचे मेडशी लागते. आज हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 161 चा भाग आहे, रुंद आणि गुळगुळीत. माझ्या लहानपणी तो अरुंद होता आणि त्यावर ट्रक, एसटी, बैलगाड्या व आमच्या काळ्या सायकली एकमेकांना वाट देत जात असत.

माझ्या सायकलीचे दात मी एकदा मोजले होते. पायडलच्या चक्राला 48 आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. त्या आकड्यांचा अर्थ तेव्हा कळत नव्हता. चढावर दम संपला की खाली उतरून सायकल ढकलायची असते, एवढे ठाऊक होते. पण जो पोरगा आधी उतरेल त्याची दिवसभर टिंगल होई, म्हणून मी उतरत नसे. पायडलवर उभा राहून, दातओठ खाऊन शेवटपर्यंत चढवीत असे. त्या मर्दुमकीची खूण म्हणून माझा उजवा गुडघा आजही जिना चढताना कुरकुरतो.

हे सारे आठवायला निमित्त झाली माझी पुतणी. ती अकोल्याला असते. डोंगरातल्या वाटांवर चालते तशी जाड टायरांची, गिअरची सायकल ती जुळवून घेते आहे आणि दिवाळीला त्याच सायकलवर मेडशीला यायचा तिचा बेत आहे. पुढचे चक्र किती दातांचे बसवू, 30, 32 की 34, असे दुकानदाराने तिला विचारले. सोबतच्या मुलांनी 34 च घे म्हणून आग्रह धरला. 30 दातांचे चक्र म्हणजे कच्च्या लिंबूंचे काम, असा त्यांचा सूर होता. तिने मला फोन करून विचारले, काका, काय करू? उत्तर देण्याआधी मी तिला एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. जन्म 29 एप्रिल 1853, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न या गावी. त्याला जुन्या ग्रंथांची गोडी होती, पण पोटापाण्यासाठी तो रेशमाच्या व्यापारात शिरला आणि तिशीच्या आत स्वतःचा धंदा उभा करून बसला. बायको, तीन मुले, हाताशी पैसा, असे सगळे यथास्थित चालले होते. 1881 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने पहिली सायकल घेतली. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे इवलेसे, अशी ती त्या काळची सायकल. ती घेऊन तो डोंगरातल्या लांबच्या गावांना जाऊ लागला आणि रेशमावरचे त्याचे लक्ष उडाले.

1887 मध्ये त्याने रेशमाचा धंदा सोडला आणि सेंत-एतिएन या शहरात सायकलींचे दुकान काढले. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून तो सायकली मागवीत असे. त्याच वर्षी त्याने सायकलस्वारांसाठी एक मासिकही सुरू केले आणि त्यात व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहू लागला. पुढे लोक त्याला याच नावाने ओळखू लागले. गंमत अशी की, किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवातही याच सुमारास, 1888 मध्ये, बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातूनच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नांगराकडे वळले. व्हेलोसिओ मात्र जन्मभर सायकलीपाशीच राहिला.

सेंत-एतिएन हे डोंगरांनी वेढलेले शहर. गावाबाहेर पडले की चढ सुरू. तिथल्या 1161 मीटर उंचीच्या एका खिंडीत घडलेला किस्सा सांगितला जातो. व्हेलोसिओ घामाघूम होऊन चढ चढत असताना मागून एक तरुण आला आणि तोंडातला पाइप ओढत सहज पुढे निघून गेला. दुसरा कोणी असता तर जास्त जोर लावून त्याला गाठायला धावला असता. व्हेलोसिओ विचार करू लागला. पाय तेच आणि रस्ताही तोच. मग सपाटीला आणि चढाला एकच चक्र का वापरायचे?

इथे थोडा हिशेब सांगायला हवा. पायडलची एक फेरी पूर्ण झाली की सायकल किती पुढे जाते, यावर फ्रेंच लोक गिअर मोजतात. पुढच्या चक्राच्या दातांना मागच्या दातांनी भागायचे आणि चाकाच्या घेराने गुणायचे. माझ्या काळ्या सायकलीचा घेर सुमारे 2.2 मीटर. 48 भागिले 18, गुणिले 2.2, म्हणजे एका फेरीत जवळपास 5.9 मीटर. सपाट रस्त्यावर हे छान. पण चढावर प्रत्येक फेरीला तेवढेच अंतर अंगाचे आणि सायकलीचे वजन वर चढवावे लागते. पुढचे चक्र लहान केले किंवा मागचे मोठे, की अंतर कमी होते, फेऱ्या वाढतात आणि पायावरचा जोर त्याच प्रमाणात उतरतो. विहिरीवरच्या रहाटाला जो न्याय, तोच इथे.

व्हेलोसिओने पायडलपाशी एकाऐवजी दोन चक्रे शेजारी शेजारी बसवली, एक मोठे आणि एक लहान. चढ आला की खाली उतरून हातानेच साखळी एकावरून दुसऱ्यावर चढवायची. पुढे चार गिअरपर्यंत त्याची मजल गेली. आपल्या सायकलीला त्याने ला गोलवाझ असे नाव दिले होते. गिअरची कल्पना एकट्या त्याचीच होती असे नाही. इंग्लंडमध्येही कारागीर त्यामागे लागले होते. पण साखळी एका चक्रावरून ढकलून दुसऱ्यावर नेणारी जी युक्ती आज आपण डिरेलर म्हणून ओळखतो, तिचा कैवार घेऊन तो आयुष्यभर लिहीत आणि भांडत राहिला. गाडी रुळावरून घसरण्यासाठी फ्रेंचमध्ये जो शब्द आहे, त्यावरूनच डिरेलर हे नाव पडले.

भांडण कोणाशी होते? यंत्राची अडचण कारागिरांनी हळूहळू सोडवलीच. खरा अडसर होता तो मानाचा. गिअर म्हणजे म्हातारे, बायका आणि दुबळ्यांची सोय, अशी शर्यतवाल्यांची समजूत होती. तिचा म्होरक्या आंरी देग्रांज, एका क्रीडा दैनिकाचा संपादक आणि 1903 मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्स शर्यतीचा जनक. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावा, तरुणांनी स्नायूंच्या बळावर जिंकावे, असे त्याचे मत होते आणि ते त्याने छापूनही टाकले.

1902 मध्ये फ्रान्सच्या पर्यटन संस्थेने पिरेनीज पर्वतात सायकलींची चाचणी घेतली. वाटेत तूरमाले नावाची खिंड होती. तिची उंची 2115 मीटर, म्हणजे आपल्या 1646 मीटरच्या कळसूबाईहून कितीतरी अधिक. त्या चाचणीत मार्थ हेस ही बाई गिअरची गोलवाझ घेऊन उतरली आणि पाय न टेकता तिने तो डोंगर पार केला. लोकांनी तिचे कौतुक केले, पण शर्यतींचे नियम मात्र बदलले नाहीत. टूरमधले तगडे पहिलवान मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी वेगवेगळी चक्रे लावून येत. चढ लागला की उतरायचे, चाक काढायचे, उलटे बसवायचे आणि पुन्हा निघायचे. 1910 मध्ये टूर पहिल्यांदा तूरमालेवर गेली, तेव्हा भल्याभल्यांना सायकली ढकलाव्या लागल्या. जी खिंड आठ वर्षांपूर्वी एका बाईने सायकलवर बसून ओलांडली होती, तिथे मानासाठी पुरुष पायी चालत होते!

व्हेलोसिओ स्वतः शर्यतींच्या वाटेला गेला नाही. तो रात्रंदिवस लांबच्या सफरी करी, मांसाहार करीत नसे, तंबाखू ओढत नसे, एस्परांतो ही जागतिक भाषा शिकला होता. सफरीवर निघणाऱ्यांसाठी त्याने सात नियम घालून दिले. थांबे थोडे आणि आटोपशीर ठेवा. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. अन्न जाणार नाही आणि झोप लागणार नाही इतके थकू नका. थंडी वाजण्याआधी अंगावर घाला आणि उकडण्याआधी काढा. वाटेत दारू, मांस, तंबाखू नको. ताकदीबाहेर जोर लावू नका, विशेषतः सुरुवातीच्या तासांत. आणि सातवा नियम असा की, केवळ बडेजावासाठी कधी पायडल मारू नका.

माझ्या मते पहिल्या सहा नियमांत शरीराची काळजी आहे, आणि सातव्यात त्याचे सारे आयुष्य. चढ किती आहे आणि आपले पाय किती आहेत, हे पाहून चक्र निवडावे. शेजारी कोण बघतो आहे, हे पाहून नव्हे. एवढे साधे सांगण्यासाठी त्याला चाळीसेक वर्षे घालवावी लागली.

फेब्रुवारी 1930 मध्ये सेंत-एतिएनच्या रस्त्यावर ट्रामची धडक बसून तो गेला. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता आणि सायकल हातात धरून पायी चालला होता. डिरेलरला टूरमध्ये परवानगी मिळाली ती 1937 मध्ये. ते पाहायला तो राहिला नाही. त्याच्या नावाची चढाई मात्र त्याच्या हयातीतच, 1922 मध्ये, त्याच खिंडीत सुरू झाली होती. तिथे आज त्याचे स्मारक उभे आहे.

आता पुतणीच्या प्रश्नाकडे वळतो. तिच्या सायकलीला पुढे एकच चक्र आहे, मागे 11 पासून 50 दातांपर्यंतची उतरंड आणि चाकाचा घेर सुमारे 2.3 मीटर. पुढे 34 बसवले तर सर्वांत हलक्या गिअरवर एका फेरीत 1.56 मीटर, 30 बसवले तर 1.38. फरक जेमतेम वीतभर. पण ती वीत चढावर हजारो वेळा मोजावी लागते. उलट सपाटीला 30 च्या चक्रावर मिनिटाला 80 फेऱ्या मारल्या तरी ताशी 30 किलोमीटरचा वेग मिळतो. शर्यत लावायची नसेल तर त्याहून अधिक हवे कशाला? जिचा रोजचा रस्ता सपाट आहे, तिने खुशाल 34 घ्यावे. त्यात गैर काही नाही. ज्यांच्या सायकलीला पुढे तीन चक्रे आहेत, त्यांनी चढाआधीच लहान चक्रावर यावे. जोर लावता लावता गिअर बदलला तर साखळी कुरकुरते आणि कधी उतरतेही.

हिशेब करताना मला माझी काळी सायकल पुन्हा आठवली. पोरगेला असताना मी जो घाट चढत होतो, तो पुतणीच्या हलक्या गिअरपेक्षा चौपटीहून जड होता. व्हेलोसिओचे नाव तेव्हा मला कोणी सांगितले असते तरी सायकलीला गिअर काही फुटले नसते, हे खरे. पण उतरून ढकलायला लाज वाटली नसती, आणि गुडघा वाचला असता.

तिने 30 दातांचे चक्र घेतले. मुले हसली म्हणे, हसू देत. मी तिला एवढेच सांगितले आहे की, पातूरहून निघताना पाणी भरून घे, पहिल्या तासात घाई करू नकोस, आणि तरीही चढावर दम लागला तर बेलाशक खाली उतर. मी मेडशीच्या फाट्यावर चहा सांगून थांबतो. ती सायकलवर बसून आली की ढकलत आली, हे मी विचारणार नाही.