शाळा उघड्या ठेवणारे आरोग्य आयुक्त

साथ आली की राज्यकर्त्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो शाळांचा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळांना कुलूप लावले. न्यूयॉर्कने ते लावले नाही. त्या निर्णयाचे धनी होते आरोग्य आयुक्त डॉ. रॉयल कोपलंड.

मिशिगन राज्यातील डेक्स्टर येथे १८६८ मध्ये जन्मलेले कोपलंड नेत्रतज्ज्ञ आणि होमिओपॅथीचे पुरस्कर्ते होते. अ‍ॅन आर्बरचे महापौरपद भूषवून १९०८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या होमिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता झाले. दहा वर्षांनी महापौर हायलन यांनी त्यांना आरोग्य आयुक्त नेमले.

ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या जहाजातून रुग्ण बंदरात उतरले, तरी शहराला धोका नाही, असाच धीर कोपलंड देत राहिले. साथीचे गांभीर्य मान्य करण्यास त्यांनी केलेला विलंब ही त्यांची मोठी चूक. त्यामुळेच शाळा उघड्या ठेवण्याच्या निर्णयाकडेही अनेकांनी संशयाने पाहिले. माजी आयुक्त गोल्डवॉटर यांनी तर जाहीर टीका केली.

या निर्णयामागे मात्र विचार होता. शहरातील सुमारे १० लाख विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य मुले दाटीवाटीच्या, कोंदट चाळींत राहत. त्यापेक्षा हवेशीर वर्ग बरे, असा कोपलंड यांचा हिशेब होता. डॉ. जोसेफिन बेकर यांच्या बालआरोग्य विभागाने १९०८ पासून उभी केलेली डॉक्टर व परिचारिकांची फळी हाताशी होती. रोज सकाळी प्रत्येक मुलाची तपासणी होई. लक्षणे दिसताच त्याला वेगळे केले जाई. गर्दी टाळण्यासाठी दुकाने व कचेऱ्यांच्या वेळाही वेगवेगळ्या ठेवण्यात आल्या.

न्यूयॉर्कमध्ये २० हजारांहून अधिक माणसे दगावली. तरीही दर लाख लोकसंख्येमागे जादा मृत्यू ४५२ झाले. फिलाडेल्फियात ते ७४८ होते. हे श्रेय एकट्या शाळांचे म्हणता येत नाही. शिवाय शाळा-परिचारिकांची अशी व्यवस्था नसलेल्या शहराला न्यूयॉर्कचे अनुकरण महागात पडले असते. निर्णय योग्य असला, तरी त्याआधी गमावलेला विश्वास तो परत आणू शकत नाही, हेही या प्रकरणाने दाखवले.

कोपलंड १९२३ मध्ये सिनेटर झाले. अन्न, औषधे व सौंदर्यप्रसाधनांवरील कायद्यासाठी त्यांनी पाच वर्षे झुंज दिली. १७ जून १९३८ रोजी त्यांचे निधन झाले; त्यानंतर आठच दिवसांनी त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची स्वाक्षरी झाली.