फादर स्टीफन्स आणि आपले वर्णोच्चार

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें नांव ज्यानें ऐकिलें नाहीं असा मराठी ख्रिस्ती मनुष्य विरळाच. ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून त्यांची कीर्ति आहे, व ती यथार्थ आहे. परंतु ओवीस हात घालण्यापूर्वीं ह्या इंग्रज धर्मगुरूस आपली भाषा प्रथम कानानें जिंकावी लागली, आणि मग ती परक्या अक्षरांत बसवावी लागली. त्या श्रमांची हकीकत फारशी सांगितली जात नाहीं. म्हणून ती येथें देण्याचें योजिलें आहे.

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन गांवीं, इ. स. १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत स्वदेशीं राहून कॅथोलिक धर्मगुरू होणें दुरापास्त होतें. सबब ते रोमला गेले व १५७५ मध्यें येशूसंघांत दाखल झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें गलबत २४ ऑक्टोबरास गोव्यास लागलें. पुढील चाळीस वर्षें बहुतेक साष्टींत गेलीं. ही साष्टी गोव्यांतली, मुंबईजवळची नव्हे.

१५८३ मध्यें आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांविषयीं मत दिलें आहे. ह्या भाषांचा उच्चार त्यांच्या कानास अप्रिय वाटला नाहीं. त्यांची घडण ग्रीक व लॅटिन ह्यांच्याशीं जुळते, हें त्यांनीं ओळखलें, आणि स्वर व व्यंजनें मिळून येथें अक्षर कसें बनतें, हेंहि हेरलें. हेंच नातें सर विल्यम जोन्स ह्यांनीं जगापुढें मांडिलें तें १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनंतर!

आतां अडचण कोठें होती तें पाहावें. जिभेचें टोंक दांतांस लागलें म्हणजे त, द, न हे दंत्य वर्ण उमटतात. तेंच टोंक मागें वळून टाळूच्या उंच भागास भिडलें म्हणजे ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण होतात. पोर्तुगीज मनुष्याची जीभ दांतांपाशींच थांबते. इंग्रजाची वरच्या हिरडीवर टेकते, म्हणजे धड इकडे नाहीं कीं तिकडे नाहीं. अशाच्या कानास पात आणि पाट, मन आणि मण, वेल आणि वेळ हे शब्द सारखेच भासावयाचे. तशांत क आणि ख, प आणि फ ह्यांतील भेद केवळ श्वासाच्या जोराचा. क, प हे अल्पप्राण, ख, फ हे महाप्राण. आपलें मूल हा भेद आईच्या मांडीवर शिकतें. तिशी गांठलेल्या परदेशस्थास तो घोकून शिकावा लागतो, आणि व्यासपीठावर एक वर्ण चुकला तरी श्रोते हंसूं लागतात.

हे ध्वनि लिहावयाचे कसे? छापखान्यांत होतीं तीं रोमन अक्षरें. तेव्हां स्टीफन्स व त्यांचे सहकारी ह्यांच्या लेखनांत अशी तोड दिसते कीं मूर्धन्यासाठीं तेंच अक्षर दोनदां लिहावें, महाप्राणासाठीं ह-कार जोडावा, अनुनासिकासाठीं स्वराच्या माथ्यावर नागमोडी रेघ द्यावी. ख्रिस्तपुराणांत मराठी ह्या शब्दांतील ठ दोन ट-कार व एक ह-कार मिळून झाला आहे, आणि परिमळांतील ळ दुहेरी ल-कारानें. युक्ति सुटसुटीत खरी, पण निर्दोष नव्हे. ऱ्हस्व अ आणि दीर्घ आ पुष्कळदां एकाच अक्षरानें दाखविले जात. आणि दुहेरी अक्षर खऱ्या द्वित्तासाठीं आहे कीं मूर्धन्यासाठीं, हें वाचकानें आपल्या कानावरूनच ठरवावयाचें. भाषा ज्याची मायबोली, त्यास अडचण नाहीं. नवख्याची मात्र तारांबळ.

हें उणेपण स्टीफन्स ह्यांस स्वतःस डांचत असावें, असें आम्हांस वाटतें. १६०८ सालीं त्यांनीं रोममधील आपल्या वरिष्ठांस लिहून कळविलें कीं, ह्या देशाच्या भाषेंत व ह्या देशाच्याच लिपींत पुस्तकें छापलेलीं पाहावीं, अशी आपली पुष्कळ वर्षांची उत्कंठा आहे. मलबारांत तसें झालें होतें. परंतु युरोपांत चोवीस अक्षरांवर भागतें, येथें अक्षरें स्वरव्यंजनांच्या जोडणीचीं. साचे लागणार सुमारें सहाशें! ते कांहीं घडले नाहींत.

१६१६ मध्यें ख्रिस्तपुराण निघालें तें रोमन लिपींतच. १६१९ मध्यें फादर स्टीफन्स निवर्तले. त्यांची कोंकणी ख्रिस्ती शिकवण १६२२ मध्यें, आणि फादर दियोगो रिबैरो ह्यांनीं वाढविलेलें त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० मध्यें, रायतूर येथें छापलें गेलें. कोंकणीचें हें पहिलें मुद्रित व्याकरण होय. पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्यें आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढें तें भाविकांच्या हस्तलिखितांतून टिकलें, आणि १९०७ मध्यें मंगळूर येथें जोसेफ सालढाणा ह्यांनीं तें पुनः रोमन अक्षरांतच छापिलें. नागरी खिळ्यांत तें १९५६ मध्यें प्रा. शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्यास प्रसिद्ध केलें, आणि दुहेरी ल-काराच्या जागीं छापील ळ आला.