जठराच्या पुढे पाहणारा शास्त्रज्ञ

पोट बिघडले की आपण जठराला दोष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरही पचनाचा विचार प्रामुख्याने जठरापुरताच करत. त्यापुढचे, जेमतेम २५ सेंटीमीटर लांबीचे आद्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, काहीसे दुर्लक्षितच होते. तिकडे लक्ष वेधण्यात फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचा मोठा वाटा आहे.

बर्नार यांचा जन्म १८१३ मध्ये द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबात झाला. लिआँ शहरात औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना त्यांनी नाटके लिहिली. नाटककार होण्यासाठी ते पॅरिसला गेले. पण एका समीक्षकाच्या सल्ल्यावरून वैद्यकाकडे वळले आणि प्रयोगशाळेत रमले.

माणसात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका आद्यांत्रात बहुधा एकाच ठिकाणी उघडतात. सशात मात्र स्वादुपिंडाची नलिका सुमारे फूटभर खाली उघडते. बर्नार यांनी सशांना चरबी खाऊ घातली. चरबी शोषली गेली की आतड्याच्या लसीकावाहिन्या दुधाळ दिसतात. त्या दुधाळ झाल्या त्या स्वादुपिंडाच्या नलिकेच्या खालीच! पित्त तर आधीच मिसळले होते. म्हणजे चरबी पचायला स्वादुपिंडाचा रस हवाच. १८५६ मध्ये त्यांनी यावर विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांचेच शिष्य आल्बेर दास्त्र यांनी कुत्र्यात शस्त्रक्रिया करून पित्त स्वादुपिंडरसाच्या खाली सोडले. आता वाहिन्या पित्त मिसळल्यानंतरच दुधाळ झाल्या. दोन्ही रस लागतात आणि त्यांचा संगम आद्यांत्रात होतो, हे स्पष्ट झाले.

या ज्ञानाची किंमत मुक्या प्राण्यांनी मोजली. त्या काळी असे अनेक प्रयोग भूल न देताच होत. बर्नार यांच्या पत्नीला आणि मुलींना ते असह्य झाले. पती-पत्नी विभक्त झाले. मायलेकींनी प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध केला. १८७८ मध्ये बर्नार यांचे निधन झाले, तेव्हा शासकीय इतमामात अंत्यसंस्काराचा मान मिळालेले ते पहिले फ्रेंच शास्त्रज्ञ ठरले.

आजही तेलकट, दुर्गंधीयुक्त शौच आणि घटते वजन अशी तक्रार घेऊन रुग्ण आला, की आम्ही जठरापाशी थांबत नाही. स्वादुपिंडाचा रस आद्यांत्रात पुरेसा पोहोचतो का, हेही तपासतो. अशी तक्रार असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.