अडलेल्या यंत्राचा विद्यार्थी

अजिंठ्याच्या पायथ्याशी वसलेल्या फर्दापूरचे नाव निघाले की लेण्यांचीच आठवण होते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातील कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने या परिसरातील रानात हिंडत असता ही लेणी बाहेरच्या जगाच्या दृष्टीस पडली. त्या काळच्या शिकाऱ्याजवळ असे ती ठासणीची बंदूक. एक बार उडाला की दारू ओतावयाची, गोळी गजाने ठासावयाची, मग पुन्हा नेम धरावयाचा. ही सारी खटपट बंदुकीने आपली आपणच करावी, माणसाने केवळ चाप ओढावा, ही कल्पना पुढे शंभर वर्षांच्या आतच प्रत्यक्षात उतरली. ती उतरविणाऱ्या मोजक्या कारागिरांत अमेरिकेच्या जॉन मोझेस ब्राऊनिंगचे स्थान फार वरचे आहे. परंतु शस्त्रास्त्रांच्या इतिहासात त्याचे नाव किती मोठे, हा येथील प्रश्न नव्हे. बिघाडाकडे कसे पाहावे, हे त्याच्या चरित्रातून शिकता येते. आणि आपल्या विद्यालयांना नेमकी त्याचीच उणीव आहे.

ब्राऊनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी युटा प्रांतातील ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन बंदुका घडविणारे व दुरुस्त करणारे. शाळेचे शिक्षण मुलाच्या वाट्याला बेताचेच आले. खरे शिक्षण झाले ते वडिलांच्या दुकानात, गिऱ्हाइकांनी आणून टाकलेल्या मोडक्या हत्यारांच्या संगतीत. नव्या वस्तूवरून ती कशी चालते एवढेच समजते. मोडलेल्या वस्तूवरून ती का चालते हेही समजते. वडिलांचे निधन १८७९ मध्ये झाले आणि त्याच वर्षी या चोवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या एकबारी रायफलचे पेटंट मिळविले. भावांच्या साहाय्याने तो ती हाताने तयार करून विकू लागला. १८८३ मध्ये विंचेस्टर या विख्यात कंपनीने आठ हजार डॉलर मोजून तिचे हक्क विकत घेतले. पुढील आयुष्यात त्याच्या नावावर एकूण १२८ पेटंटे जमा झाली.

त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधाचा उगम मात्र एका साध्या निरीक्षणात आहे. १८८९ मध्ये नेमबाजी चालू असता, नळीतून सुटणाऱ्या वायूच्या झोताने समोरचे गवत लवते, हे त्याने पाहिले. ते गवत पूर्वी अनेकांनी पाहिले असेल. ब्राऊनिंगला त्यात वाया जाणारी शक्ती दिसली. दुकानात परतून त्याने एका जुन्या, तरफेने भरावयाच्या रायफलवर प्रयोग केला. नळीच्या तोंडाशी एक झडप बसविली आणि ती तरफेला जोडली. झोताने झडप हलली, झडपेने तरफ हलविली आणि बंदूक आपोआप भरली गेली. आपोआप भरणाऱ्या रायफलचा हा घरगुती नमुना दिसण्यात ओबडधोबड होता. पण त्यातील तत्त्वावर पुढे कोल्ट कंपनीची १८९५ ची मशीनगन उभी राहिली.

येथूनच खरी कसोटी सुरू झाली. अशा बंदुकीत एका बारानंतर अनेक क्रिया ओळीने घडाव्या लागतात. बंद खोबणी उघडली पाहिजे, रिकामी पुंगळी ओढली जाऊन बाहेर फेकली गेली पाहिजे, घोडा चढला पाहिजे, पेटीतील नवे काडतूस वर येऊन आत सरकले पाहिजे आणि खोबणी पुन्हा पक्की बंद झाली पाहिजे. हे सर्व निमिषार्धात. साखळीतील एक दुवा निसटला तरी बंदूक अडते. मात्र ती वाटेल तशी अडत नाही. पुंगळी आतच राहिली तर दोष एका ठिकाणी; पुंगळी निघाली पण दाराशी अडकली तर दुसऱ्या ठिकाणी; पुंगळी गेली पण नवे काडतूस आले नाही, तर मागे सरकणारा भाग पुरेसा मागे गेला नसेल किंवा पेटीची स्प्रिंग दुबळी असेल. शक्ती कमी पडली तर क्रिया अर्धवट राहते. अधिक झाली तर भाग एकमेकांवर आदळून मोडतात. म्हणजे यंत्र जेथे अडते तेथेच दोषाचा पत्ता लिहिलेला असतो. वाचणाऱ्याला तो वाचता आला पाहिजे आणि एका वेळी एकच बदल करून पाहण्याचा धीर हवा.

ब्राऊनिंगच्या स्वयंभरणी छर्ऱ्याच्या बंदुकीत या विवेकाचे उत्तम उदाहरण सापडते. हलके काडतूस व जड काडतूस यांचा धक्का सारखा नसतो. एकाला जुळणारे यंत्र दुसऱ्याला जुळत नाही. म्हणून त्याने घर्षणाची कडी योजिली. तिची मांडणी बदलली की धक्का कमीअधिक शोषला जातो. कडी चुकीची बसली तर बंदूक अडते किंवा धक्के खाते, आणि दोष कोठे आहे हे जाणत्याला चटकन उमगते. हक्कांच्या मोबदल्यावरून विंचेस्टरशी बिनसल्यावर त्याने १९०२ मध्ये ही बंदूक बेल्जममधील एफ. एन. कारखान्याकडे नेली. तिचे उत्पादन शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. १९०६ मध्ये त्याची आपोआप भरणारी रायफल अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणली. अमेरिकी लष्कराच्या पिस्तुलाच्या चाचण्यांत आरंभी दोष आढळले; ते निवारून मार्च १९११ मध्ये त्याच्या पिस्तुलाने सहा हजार फैरी एकदाही न अडता झाडल्या. त्या न अडलेल्या सहा हजारांच्या पाठीशी आधीच्या अडलेल्यांचा काळजीपूर्वक ठेवलेला हिशेब होता.

या कौशल्याचे फळ कोणाच्या हाती जाईल, हे मात्र कारागिराच्या हाती नसते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या त्या ब्राऊनिंग पिस्तुलातून. हे कान्हेरे तत्कालीन औरंगाबादेत शिकणारे विद्यार्थी होते. १९१४ मध्ये साराजेव्होत जी गोळी सुटल्यावर महायुद्ध पेटले, तीही त्यानेच योजिलेल्या पिस्तुलातून. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जममधील लीज येथे काम करीत असतानाच ब्राऊनिंगचा अंत झाला. त्याचे अपुरे राहिलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह या सहकाऱ्याने पूर्ण केले. याच सेव्हने पुढे जी रायफल रचली, तिच्याच धर्तीवरची इच्छापूरची रायफल १९६२ च्या युद्धानंतर भारतीय जवानांच्या हाती आली. तिला लागणारी ७.६२ मिलिमीटरची काडतुसे जेथे बनली, ते वरणगाव फर्दापूरच्या उत्तरेस, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातच आहे.

परवान्याशिवाय बंदूक घडविणे हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि तो असावाच. ब्राऊनिंगचे अनुकरण करावयाचे ते हत्याराचे नव्हे, वृत्तीचे. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात अपेक्षित आकडा आला नाही की आपला विद्यार्थी काय करतो? तो आलेला आकडा खोडतो आणि गेल्या वर्षीच्या वहीतून बरोबर आकडा उतरवून घेतो. शिक्षक सही करतात, परीक्षक गुण देतात, आणि ज्या एका क्षणी निसर्ग काही सांगत होता तो क्षण रबराने पुसला जातो. कचेऱ्यांतही वेगळे घडत नाही. अडलेले काम अहवालात अडलेले दिसू नये, याचीच दक्षता अधिक. उलट, विहिरीवरची मोटार बंद पडली म्हणजे खेड्यातील निरक्षर मिस्त्री प्रथम कान लावून ऐकतो, मग हात घालतो. तो ब्राऊनिंगच्या शाळेतला आहे. पदवीधर मात्र त्या शाळेबाहेर राहतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. चुकलेल्या प्रयोगाची नोंद जशीच्या तशी ठेवून चुकीचे कारण शोधणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत, एवढा नियम एखाद्या शिक्षकाला आपल्या वर्गात उद्याही करता येईल. फर्दापूरवरून लेण्यांकडे जाणारे प्रवासी चोविसाव्या लेण्यापुढे फारसे थांबत नाहीत, कारण ते अपुरे आहे. परंतु डोंगर कोठून फोडला, खांब कसे सोडविले, काम कोठे थांबले, हे तेथेच दिसते. पूर्ण झालेली लेणी डोळ्यांचे पारणे फेडतात. घडविण्याची रीत मात्र त्या अपुऱ्या दालनातच शिकावी लागते.