हमीदियेचे कप्तान रऊफ बे

विजयाच्या दिवसांत मान ताठ ठेवणे सोपे असते. पराभव पदरी आल्यावर आणि आपल्याच माणसांनी दोषी ठरविल्यावरही कर्तव्य न सोडणे कठीण. तुर्कस्तानचे नौदल अधिकारी हुसेन रऊफ बे यांचे चरित्र म्हणूनच विद्यार्थ्यांनी वाचण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १८८१ साली इस्तंबूल येथे झाला. वडील नौदलातच होते. नौदल विद्यालयात शिक्षण घेऊन रऊफ बेही आरमारात दाखल झाले.

१९१२ साली बाल्कन युद्ध पेटले व तुर्की फौजा मागे हटू लागल्या. 'हमीदिये' या युद्धनौकेचे कप्तान रऊफ बे होते. नोव्हेंबरमध्ये काळ्या समुद्रात बल्गेरियन टॉर्पेडोने नौकेला भगदाड पडले. तरीही त्यांनी ती इस्तंबूलला सुखरूप आणली. दुरुस्ती होताच, जानेवारी १९१३ मध्ये, ग्रीक आरमाराचा पहारा चुकवून ते दार्दानेल्समधून बाहेर पडले. सायरोस बंदरावर त्यांनी मारा केला आणि मार्चमध्ये अल्बानियाच्या किनाऱ्यावर सर्बियन सैनिक नेणारी जहाजे गाठली. कित्येक महिने ही एकटी नौका शत्रूला हुलकावण्या देत राहिली. युद्धाचा निकाल मात्र बदलला नाही. त्याच सुमारास डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्की जखमींच्या सेवेस गेले होते.

पुढची कसोटी अधिक कठोर होती. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर, ३० ऑक्टोबर १९१८ रोजी, नौदलमंत्री या नात्याने मुद्रोसच्या युद्धबंदी करारावर सही करण्याचे कटू काम त्यांच्याच वाट्याला आले. पण ते खचून बसले नाहीत. मुस्तफा कमाल यांच्या स्वातंत्र्यलढ्यात ते सामील झाले. १९२० साली इंग्रजांनी त्यांना पकडून माल्टा बेटावर ठेवले. सुटकेनंतर १९२२ साली ते अंकारा सरकारचे पंतप्रधान झाले.

परंतु कमाल यांच्याशी त्यांचे मतभेद झाले व १९२४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह विरोधी पक्ष काढला. १९२६ साली, ते परदेशी असताना, कमाल यांच्या हत्येच्या कटात गोवून त्यांना दहा वर्षांची शिक्षा फर्मावण्यात आली. एकेकाळचा वीर मायदेशास पारखा झाला.

याच वनवासात, १९३३ साली, ते डॉ. अन्सारींच्या निमंत्रणावरून दिल्लीस आले. जामिया मिल्लिया इस्लामिया ही तेव्हा पैशाअभावी ओढाताणीत चालणारी संस्था होती. तिथे त्यांनी आपल्या देशाच्या घडामोडींवर व्याख्याने दिली.

१९३५ साली ते मायदेशी परतले. ज्या राष्ट्राने त्यांना शिक्षा ठोठावली होती, त्याच राष्ट्राने १९४२ साली त्यांना लंडनमध्ये राजदूत नेमले. १९६४ साली त्यांचे निधन झाले.

विद्यार्थीमित्रांनो, परीक्षेतील अपयशाने वा एखाद्या अन्यायाने मन खचू लागले, तर रऊफ बे आठवा. भगदाड पडलेली नौकाही किनाऱ्याला आणता येते. मात्र सुकाणूवरचा हात सुटता कामा नये.