मोटारीला आवाज देणारा माणूस

कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाने मंजुरीआधीच बँकेच्या साहेबांची मोटार पेटवून द्यावी, असा प्रसंग माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी आला नाही. शिकागोतल्या एका बँकरवर तो १९३० च्या सुमारास आला. पॉल गॅल्व्हिन नावाचा एक छोटा कारखानदार त्याच्याकडे पैसे मागायला गेला होता. मोटारीत बसवायचा रेडिओ करतो आहे, भांडवल हवे आहे, एवढेच त्याचे म्हणणे. कागदावर दाखविण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणून त्याने नमुनाच दाखवायचे ठरविले. आपली माणसे पाठवून साहेबांच्या दिमाखदार पॅकार्ड मोटारीत एक रेडिओ मोफत बसवून दिला. बसवून अर्धा तासही झाला नसेल, तोच गाडीने पेट घेतला. कर्ज मिळाले नाही, हे वेगळे सांगायला नको. त्या बँकरला मी दोष देणार नाही. त्याच्या खुर्चीत मी असतो तरी फाईलवर तोच शेरा पडला असता.

गॅल्व्हिनची आठवण होण्याचे कारण अगदी घरगुती आहे. गेल्या दिवाळीत आमच्याकडे एक नवी गाडी आली. चारही चाकांना जोर पोहोचणारी, उंच, दणकट, चिखलातून आणि नाल्यातून बिनदिक्कत जाणारी. वडशाहून कुरखेडा-कोरचीकडे जाणाऱ्याला अशी गाडी असावी असे नोकरीत असल्यापासून वाटत होते. तेव्हा बँकेच्या भाड्याच्या जीपमध्ये वसुलीसाठी हाडे खिळखिळी करून घेतली होती. गाडी उत्तम आहे. तिच्यात कंपनीनेच बसवून दिलेला स्टिरिओ मात्र असा, की ऐकताना जीव कासावीस व्हावा. समोर भलामोठा पडदा आहे, त्यावर बोट फिरवले की रंग बदलतात. आणि आवाज? पत्र्याच्या डब्यात मधमाशी कोंडावी तसा. तबला वाजतो म्हणून कळते, पण डग्गा कुठे गेला ते कळत नाही.

आता वडशाच्या माणसाचा कान जरा बिघडलेला असतो, म्हणजे चांगल्या अर्थाने. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे हे माहेरघर. दिवाळी सरली, धान निघाले, मंडई आणि शंकरपट सुरू झाले, की इथल्या मंडळ्या रात्र-रात्रभराची नाटके घेऊन गावोगाव जातात. मंचावर टांगलेले माईक, बाजूला ऑर्गन आणि तबला, आणि मांडवाच्या शेवटच्या टोकाला घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द पोहोचला पाहिजे ही अट. अशा मंडळ्यांची ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या एका माणसाला मी गाडी दाखविली. त्याने स्टिरिओला हातही लावला नाही. आधी दारावर टिचकी मारली, मग छताला हात लावला आणि गाडी चालू करायला सांगितली. त्याचे निदान असे पडले, की स्पीकर हलके आहेत हे खरेच, पण निम्मा दोष गाडीच्या जातीचा आहे. जाड खाचांचे टायर घरघरतात, सरळ उभी काच वारा अंगावर घेते, छत पातळ आणि काढता येण्यासारखे. ही सगळी घरघर खालच्या स्वरांची, म्हणून ती नेमका डग्गाच गिळते. अशा गाडीत चांगला आवाज हवा तर खर्च करावा लागतो, आणि तो खर्च गिऱ्हाईक शोरूममध्ये ऐकत नाही. तिथे गाडी उभी असते, इंजिन बंद असते. हे शेवटचे वाक्य त्याचे नाही, माझे आहे. हिशेबाच्या बाजूने बघायची सवय जात नाही.

त्या संध्याकाळी मोटारीत आवाज बसवायची ही उठाठेव पहिल्यांदा कोणी केली, हे शोधायला बसलो आणि गॅल्व्हिन भेटला. तसा तो पहिला नव्हे. मोटारीत रेडिओ घालण्याचे प्रयोग त्याच्या आधीही झाले होते; पण ते श्रीमंतांचे लाड होते. बऱ्यापैकी मिळकत असलेल्या माणसाला परवडेल असा संच बाजारात आणून तो धंदा उभा करण्याचे श्रेय मात्र त्याचे.

त्याचा जन्म १८९५ चा, इलिनॉय राज्यातल्या हार्वर्ड या गावचा. त्या नावाचे प्रसिद्ध विद्यापीठ आहे तिथला हा नव्हे. हे आपल्या वडशासारखे रेल्वेचे छोटे गाव. गाडी थांबली की पोरे मक्याच्या लाह्या घेऊन डब्यांकडे धावत, त्यांत हाही असे. गोंदिया-बल्लारपूर मार्गावर शेंगा-फुटाण्यांच्या पुड्या घेऊन डब्यात चढणारी पोरे मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. गाडी किती मिनिटे थांबते, कोणत्या डब्यात भुकेली माणसे असतात आणि सुटे पैसे कुठल्या खिशात ठेवावेत, हे त्यांना कोणत्याही व्यवस्थापन संस्थेपेक्षा चांगले ठाऊक असते. गॅल्व्हिनचे शिक्षण दोन वर्षे विद्यापीठात होऊन थांबले. मग पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्स.

परत आल्यावर त्याने एडवर्ड स्टुअर्ट या मित्राबरोबर विस्कॉन्सिनमधल्या मार्शफिल्ड येथे बॅटऱ्यांचा कारखाना काढला. साल १९२१. दोन वर्षांत तो बसला. सरकारी कर थकला होता, त्यापोटी कुलूप पडले. काही काळ गॅल्व्हिनने शिकागोत एका मिठाईवाल्या कारखानदाराकडे नोकरी केली आणि पुन्हा स्टुअर्टबरोबर बॅटऱ्यांच्याच धंद्यात पडला. १९२८ साली तोही धंदा बुडाला. वय तेहतीस, घरात बायको आणि लहान मुलगा, आणि नावावर दोन बुडीत उद्योग. आमच्या भाषेत याला थकबाकीदाराचा पूर्वेतिहास म्हणतात. आजच्या काळात तर संगणकाने त्याला दारातूनच परत पाठविले असते.

पण दुसऱ्या कारखान्याच्या मोडतोडीत त्याला एक वस्तू दिसत होती. त्या काळी घरातले रेडिओ बॅटरीवर चालत. बॅटऱ्या महाग, जड, आणि त्यांतले आम्ल सांडून गालिचे जळत. घरातल्या विजेवर तोच रेडिओ चालवून देणारे एक उपकरण स्टुअर्टच्या कारखान्यात तयार झाले होते. त्याला एलिमिनेटर म्हणत. कारखाना लिलावात निघाला तेव्हा गॅल्व्हिनने साडेसातशे डॉलरची बोली लावून या उपकरणाचा धंदा सोडवून घेतला. स्वतःच्याच बुडालेल्या कारखान्याच्या लिलावात उभे राहून बोली लावणे म्हणजे काय, हे ज्याने तहसीलच्या आवारात जप्तीचे लिलाव पाहिले आहेत त्यालाच कळेल. लोक त्या दिवशी गावातून निघून जातात. हा तिथे थांबला. २५ सप्टेंबर १९२८ रोजी भाऊ जोसेफला बरोबर घेऊन त्याने गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. भांडवल ५६५ डॉलर, माणसे पाच, आणि पहिल्या आठवड्याचा सगळ्यांचा मिळून पगार ६३ डॉलर.

वर्षभरात पुन्हा जमीन सरकली. थेट विजेवर चालणारे रेडिओ आले आणि एलिमिनेटरची गरजच संपत चालली. त्यात ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. अशा वेळी शहाणा माणूस हात आखडता घेतो. गॅल्व्हिनने उलट, मोटारीतल्या रेडिओत हात घातला. विल्यम लियर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण तंत्रज्ञ त्याच्या सोबत होते.

ते काम किती किचकट होते, हे आज पडद्यावर बोट फिरवताना लक्षात येत नाही. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पडते ती प्रत्येक ठिणगी रेडिओत कडकडते. ती दाबण्यासाठी प्रत्येक प्लगला आणि तारेला बंदोबस्त हवा. रेडिओतल्या काचेच्या नळ्या खड्ड्यांनी हादरत. वेगळ्या बॅटऱ्या पायाखालची फळी कापून बसवायच्या, एरियल छताच्या आतल्या कापडामागे पसरायची, स्पीकर जागा मिळेल तिथे कोंबायचा. दोन माणसांचे कित्येक तास त्यात जात, कधी दिवसही. संचाची किंमत बसवणुकीसह शंभर-सव्वाशे डॉलर, तर साधी नवी मोटार सहा-साडेसहाशेला मिळे. मंदीच्या वर्षात गाडीच्या पाचव्या हिश्शाची रक्कम गाण्यासाठी मोजायची! चालकाचे लक्ष उडेल म्हणून अशा रेडिओंवर बंदी घाला, अशीही ओरड काही ठिकाणी झाली.

पॅकार्ड पेटली ती याच धडपडीत. तरी जून १९३० मध्ये रेडिओ उत्पादकांचा मेळावा अटलांटिक सिटीला भरला तेव्हा गॅल्व्हिन आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून शिकागोहून तिथवर गेला. आत गाळा घ्यायला पैसे नव्हते. त्याने गाडी प्रवेशाजवळ उभी केली, आवाज मोठा केला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांना बोलावून ऐकवीत राहिला. हे लाह्या विकणाऱ्या पोराचेच काम होते. काही मागण्या पदरात पडल्या. त्या वर्षाचा ताळेबंद मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे: विक्री पावणेतीन लाख डॉलरच्या वर, आणि निव्वळ तोटा ३,७४५ डॉलर. तोटा म्हणून नुसता शेवटचा आकडा वाचणारा अधिकारी नापास करील. विक्रीकडे पाहणारा थोडा विचार करील. बँकेत दोन्ही प्रकारचे लोक असतात, आणि बढती बहुधा पहिल्यांना मिळते.

संचाला नाव दिले मोटोरोला. मोटारीतला मोटर आणि त्या काळी गाजलेल्या व्हिक्ट्रोला ग्रामोफोनचे शेपूट. पुढे बसवणूक सुधारली, ठिकठिकाणी तयार कारागिरांची दुकाने उभी राहिली, किंमत उतरली आणि धंदा नफ्यात आला. मोटार कंपन्याही कारखान्यातूनच रेडिओ देऊ लागल्या. म्हणजे कंपनीचा स्टिरिओ ही चीज, जिच्यावर मी वैतागलो आहे, ती या वळणावर जन्मली. त्याआधी रेडिओ बसविणारा माणूस तुमच्या गाडीचा आवाज ऐकून काम करी. आता एकच नग हजारो गाड्यांना.

१९३६ साली गॅल्व्हिनने दोन गोष्टी केल्या. पोलिसांच्या गाड्यांसाठी खास रेडिओ बाजारात आणला आणि कुटुंबासह युरोपचा दौरा केला. जर्मनी पाहून युद्ध अटळ आहे अशी त्याची खात्री पटली. सैन्याकडून मागणी येण्याची वाट न पाहता त्याच्या कारखान्यात हातात धरून बोलता येईल असा सव्वादोन किलोंचा संच तयार झाला, हँडी-टॉकी. नंतर १९४३ मध्ये डॅन नोबल या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली पाठीवर वाहून न्यायचा सोळा किलोंचा वॉकी-टॉकी. युद्धात यांचा उपयोग किती झाला, हे युद्धाच्या कोणत्याही छायाचित्रसंग्रहात दिसते: बाजूला जीप, आणि एका शिपायाच्या कानाशी तो ठोकळा.

हे यश चढत असतानाच, १९४२ च्या ऑक्टोबरात, त्याच्या पत्नीचा, लिलियनचा, एव्हन्स्टनच्या राहत्या घरात खून झाला. घरकाम करणारी बाईही त्याच वेळी मारली गेली. कादंबरीकाराला अशा ठिकाणी थांबून चार पाने लिहिण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. एवढेच नोंदवितो, की दोनदा दिवाळे निघून न खचलेल्या या माणसाला ते दुःख वर्षानुवर्षे पेलावे लागले, आणि कारखाना मात्र त्या काळात युद्धाच्या मागण्यांसाठी अहोरात्र चालू होता. १९४५ मध्ये त्याने दुसरा विवाह केला.

१९४७ मध्ये कंपनीने स्वतःचे नाव बदलून मोटोरोला केले. मालाचे नाव राहिले, माणसाचे गेले. मला ही गोष्ट त्याच्या स्वभावाला धरून वाटते. त्याच वर्षी कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना सुरू झाली. मग १८० डॉलरच्या आतला सात इंची दूरचित्रवाणी संच निघाला आणि वर्षभरात लाखभर खपला. १९५६ मध्ये मुलगा रॉबर्ट अध्यक्ष झाला. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी रक्ताच्या कर्करोगाने पॉल गॅल्व्हिन वारला.

मोटारीतला खरा स्टिरिओ त्याने ऐकलाच नाही. १९६६ च्या फोर्ड गाड्यांत आठ पट्ट्यांच्या ध्वनिफितीचा यंत्रसंच कारखान्यातून बसून आला. ती फीत काढली होती त्याच्या जुन्या सोबत्याने, लियरने (हाच पुढे विमानांसाठी गाजला), आणि यंत्र केले होते मोटोरोलाने. खिशातल्या फोनवरून पहिले संभाषण ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर झाले, तेही याच कंपनीच्या मार्टिन कूपरकडून. २०११ मध्ये कंपनीची दोन शकले झाली. फोनची बाजू २०१४ पासून लेनोवो या चिनी कंपनीकडे आहे; पोलिसांच्या आणि अग्निशमन दलांच्या वायरलेस संचांची बाजू मात्र दुसऱ्या शकलाकडे अजून चालू आहे.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे आतल्या ठाण्यांत फोन नव्हता, असला तरी पावसाळ्यात मुका. वसुलीच्या फेरीत संध्याकाळ झाली की आम्ही ठाण्यावर थांबून पुढचा रस्ता सुरक्षित आहे का ते विचारीत असू. कोपऱ्यातल्या टेबलावर वायरलेसचा संच खरखरत असे, हवालदार त्याला कान लावून बसलेला. मधूनच त्या खरखरीतून एक माणसाचा आवाज निघे, नाल्याला पूर आहे म्हणून सांगे, आणि आमची जीप रात्रभर तिथेच उभी राही.