विश्लेषण : मधुबालाच्या फुप्फुसांतला ‘बीपी’ आज आटोक्यात आला असता का? अँटिऑक्सिडंटच्या चाचण्या काय सांगतात?

डिजिटल डेस्क, धाराशिव

दरवर्षी १४ फेब्रुवारीला मोबाइलवर मधुबालाचे फोटो फिरू लागतात. त्या दिवशी तिचा जन्मदिन. नऊ दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, पुण्यतिथी. १९६९ साली ती गेली तेव्हा वयाची ३६ वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. तिच्या हृदयाला छिद्र होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तिच्या फुप्फुसांतही दाब वाढला होता, असे तिच्या कुटुंबीयांनी नंतर सांगितले आहे. या आजाराला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. दंडाला पट्टा गुंडाळून मोजतात तो बीपी वेगळा. फुप्फुसांतला दाब त्या यंत्रावर दिसतच नाही.

बेबी मुमताज ते अनारकली

मुमताज जहाँ बेगम देहलवी हे तिचे मूळ नाव. जन्म १९३३, दिल्ली. वडील अताउल्ला खान कामाच्या शोधात कुटुंबासह मुंबईत आले आणि घर चालवण्याचा भार या मुलीच्या खांद्यावर आला. १९४२ च्या ‘बसंत’मध्ये ती बेबी मुमताज म्हणून दिसली. १९४७ च्या ‘नील कमल’मध्ये चौदाव्या वर्षी राज कपूरची नायिका झाली. १९४९ च्या ‘महल’ने ती घराघरात पोहोचली. त्याच चित्रपटाने लता मंगेशकर यांचा आवाजही देशभर नेला.

१९५४ मध्ये मद्रासला ‘बहुत दिन हुए’च्या चित्रीकरणावेळी तिला रक्ताची उलटी झाली. थोडी विश्रांती घेऊन ती पुन्हा कामाला लागली. त्यानंतरच्या चित्रपटांची यादी पाहिली तर ही मुलगी आजारी होती यावर विश्वास बसत नाही. १९५५ चा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, १९५८ मध्ये ‘हावडा ब्रिज’, ‘काला पानी’ आणि ‘चलती का नाम गाडी’. ‘मुघल-ए-आझम’चे काम तर वर्षानुवर्षे चालले. के. आसिफ यांनी तुरुंगाच्या दृश्यांसाठी खऱ्या लोखंडी साखळ्या वापरल्या आणि त्या तिने अंगावर वागवल्या. ज्या हृदयाला जिना चढणेही जड जात असेल, त्याच्यावर हे ओझे होते. ऑगस्ट १९६० मध्ये चित्रपट झळकला.

त्याच वर्षी किशोर कुमार यांच्याशी लग्न झाले. उपचारासाठी दोघे लंडनला गेले. तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि हाती फार तर दोन वर्षे असल्याचे सांगितले, असे कुटुंबीय सांगतात. ती नऊ वर्षे जगली. त्यातला बराच काळ अंथरुणावर गेला. सतत खोकला, दर चार-पाच तासांनी ऑक्सिजन, अंगातले जादा रक्त काढण्यासाठी डॉक्टरांच्या घरी फेऱ्या. तशातही ‘फर्ज और इश्क’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करण्याची तयारी तिने चालवली होती. तो झाला नाही.

छिद्र हृदयात, दाब फुप्फुसांत कसा?

हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. डावा पंप सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, त्याचा दाब १२० च्या आसपास असतो. उजवा फक्त फुप्फुसांना पुरवतो, त्याचा दाब साधारण २५. दोघांमधल्या भिंतीला छिद्र असेल तर डावीकडचे रक्त उजवीकडे घुसते आणि फुप्फुसांवर जादा प्रवाह, जादा दाब येतो. ठिबकच्या नळीवर बोअरच्या मोटारीचा पूर्ण दाब सोडला तर नळी फुटेल. फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटत नाही, ती स्वतःला जाड करून घेते. इंजिनीअरिंग शिकताना आम्ही पाइपाची जाडी दाब पाहून ठरवायचो, इथे पाइप स्वतःच ठरवतो. पण जाडी आतल्या बाजूनेही वाढते, त्यामुळे वाट अरुंद होते आणि दाब आणखी चढतो. शेवटी उजवीकडचा दाब डावीकडच्या बरोबरीला येतो आणि प्रवाह उलटतो. मग ऑक्सिजन न मिळालेले रक्त शरीरात जाते, ओठ-नखे निळी पडतात, भरपाईसाठी शरीर तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते, खोकल्यातून रक्त पडते. व्हिएन्नाचे डॉक्टर व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी अशा रुग्णाची नोंद १८९७ मध्येच केली होती. मधुबालाच्या तक्रारी या चित्राशी जुळतात.

एकदा प्रवाह उलटला की छिद्र बुजवता येत नाही, कारण तेच वाढलेल्या दाबाची मोकळी वाट झालेले असते. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी असे छिद्र पहिल्यांदा शस्त्रक्रियेने बंद केले. हार्ट-लंग मशीनऐवजी त्यांनी बाळाचे रक्त वडिलांच्या शरीरातून फिरवले होते. म्हणजे मधुबालाला रक्ताची उलटी झाली त्याच वर्षी हा इलाज जन्माला आला होता. ती तेव्हा २१ वर्षांची होती.

अँटिऑक्सिडंट इथे कुठे आले?

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो वाहिनी सैल ठेवतो. आजारी फुप्फुसांत ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड नावाचा उपद्रवी कण जास्त बनतो आणि तो हा वायू गिळून टाकतो. वायू कमी झाला की वाहिनी आवळते. सुपरऑक्साइडला निष्प्रभ करणारे एन्झाइम आपल्या शरीरात असते. त्याचा शोध अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी जाहीर केला, तो १९६९ मध्ये. मधुबाला गेली ते हेच वर्ष.

मग हे एन्झाइम किंवा त्याच्यासारखे काम करणारे औषध दिले तर? प्रयोग झाले. उंदरांना मोनोक्रोटालिन नावाच्या विषाचे एक इंजेक्शन देतात, तीन-चार आठवड्यांत त्यांच्या फुप्फुसांतला दाब चढतो. हे विष ज्या वनस्पतींच्या बियांतून मिळते त्या आपल्याकडच्या हिरवळीच्या तागाच्या भाऊबंद आहेत. (ताग गाडणाऱ्यांनी घाबरू नये, प्रयोगातले विष शुद्ध करून टोचलेले असते.) अशा उंदरांमध्ये अनेक अँटिऑक्सिडंटनी दाब उतरवला. फुप्फुसांत जन्मतःच दाब असलेल्या कोकरांच्या श्वासनलिकेत ते एन्झाइम सोडले, तेव्हा त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन सुधारला.

माणसांत मात्र गाडी अडते. शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा चालू करणारे बार्डोक्झोलोन हे औषध रुग्णांवर तपासले गेले. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो, हे मोजायचे होते. २०२० मध्ये कोविडमुळे ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली आणि चालण्यात फायदा सिद्ध झाला नाही. साध्या जीवनसत्त्वांचे काय? ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या २०,५३६ लोकांवर ई, सी आणि बीटा-कॅरोटीन यांची चाचणी झाली. २००२ मध्ये निकाल आला : काही उपयोग नाही. ती चाचणी फुप्फुसांच्या दाबाची नव्हती, पण औषध दुकानात ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेला डबा उचलण्याआधी ती आठवायला हरकत नाही. उंदराला विष टोचून तीन आठवड्यांत केलेला आजार आणि माणसात वीस वर्षे मुरलेला आजार एक नाही, हे या अपयशाचे एक कारण मला पटते.

नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेवर काम करणारे सिल्डेनाफिल मात्र २००५ पासून या आजारावर मान्यताप्राप्त आहे. बोसेंटान या गोळीने आयझेनमेंगरचे रुग्ण जास्त चालू शकतात, हे २००६ च्या चाचणीत दिसले. म्हणजे मधुबाला आज असती तर तिला चार पावले जास्त चालता आले असते, धाप कमी लागली असती. आजार गेला नसता. तो जायचा असेल तर छिद्र लहानपणीच बुजवावे लागते.

धाराशिवमध्ये काय पाहायचे?

जन्मणाऱ्या दर हजार बाळांत साधारण आठ-नऊ जणांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात, पुढचा उपचारही मोफत असतो. अडचण वेगळीच आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात. पथक गावात येते तेव्हा लेकरू फडावर असते.

दूध पिताना बाळ थांबते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, छाती वारंवार भरते, ही लक्षणे आईला आधी दिसतात. यात एक फसवी गोष्ट आहे. फुप्फुसांतला दाब चढू लागला की जादा प्रवाह घटतो आणि बाळाला बरे वाटू लागते, छातीतला आवाजही मंदावतो. घरचे म्हणतात, वाढत्या वयात सुधारले. नेमकी तेव्हाच वेळ हातातून निघत असते. तपासणी चुकली असेल तर परत आल्यावर आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगून बाळाला पथकाच्या डॉक्टरांकडे नेता येते. ते गरज वाटल्यास टू-डी इकोसाठी पुढे पाठवतात.